घाटघरची मुक्कामी जीप

दिनांक १६ जुलै १९९९. रक्कम एक लाख सत्तर हजार आठशे रुपये, शिवाय अर्ज दाखल झाल्या तारखेपासून दरसाल दर शेकडा बारा टक्के व्याज.

पुण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात हा निकाल वाचला गेला तेव्हा रामदास शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसला होता. आकडा त्याच्या कानावर पडला, पण डोक्यात शिरला नाही. त्याचं सगळं लक्ष दोन बाक पुढं बसलेल्या अंबाबाईकडे होतं. ती त्या दिवशी घाटघरहून आली होती, सोबत तिचा चुलतसासरा गेणभाऊ. रामदासच्या जीपखाली सापडून तिचा नवरा जानकू गेला, त्याला पावणेतीन वर्षं होत आली होती.

निकाल संपला तशी अंबाबाई उठली. दाराकडे जायचा रस्ता रामदासच्या बाकाला लागूनच होता. ती थांबेल, शिवी घालील, निदान एकदा बघेल तरी, असं त्याला वाटलं. त्यासाठी तो तयार होऊन आला होता. तिनं पदर सावरला आणि भिंतीजवळून जावं तशी ती त्याच्याजवळून गेली. गेणभाऊ मात्र क्षणभर थबकला, घसा खाकरला, आणि तिच्यामागं निघून गेला.

बाहेर आल्यावर रामदासचे वकील खुशीत होते. म्हणाले, "दोन लाख साडेतेरा हजार लागले होते. पाचवा हिस्सा कापून घेतला की नाही? बेचाळीस हजार सातशे वाचवले तुमचे."

रामदासनं मान हलवली. ते बेचाळीस हजार सातशे कशाचे होते, हे त्याला वकिलांपेक्षा नीट ठाऊक होतं.

रामदास पिंपरी पेंढारचा. घरची अडीच एकर जमीन, त्यातली एक एकर विहिरीखाली. १९९२ साली त्यानं पतसंस्थेचं कर्ज काढून काळी-पिवळी जीप घेतली. ओतूर, आळेफाटा, नारायणगाव या लाइनींवर आधीच गाड्यांची रांग. नंबर लागेपर्यंत दुपार व्हायची. म्हणून कुणालाच नको असलेली जुन्नर ते घाटघर ही लाइन त्यानं धरली. रस्ता वाईट, डोंगराचा, आणि वरची माणसं पैशानं तंग. गावातले लोक पारावर बसून हसायचे. "रामदास, तिकडं मानसापरीस माकडं जास्ती. त्यांचं अर्धं तिकीट धरतूस का पुरं?"

लाइनीचा नेम असा होता : संध्याकाळी साडेचारला जुन्नरच्या स्टँडवरून सुटायचं, आपटाळे, चावंड करत सहाच्या सुमाराला वर पोचायचं, वरच मुक्काम करायचा आणि सकाळी सहाला माणसं घेऊन खाली यायचं. पहिला महिनाभर तो जीपमध्येच झोपला. एका संध्याकाळी त्याच्याच वयाचा, काटकुळा, दाढीचे खुंट वाढलेला एक माणूस आला आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "आरं डायवर, थंडी गाडीला न्हाई वाजत, तुला वाजती. चल घरात."

तो जानकू.

घर दोन खणांचं, कारवीच्या कुडाचं. एका अंगाला बकरी बांधलेली, दुसऱ्या अंगाला चूल. भाताच्या कणगीशेजारी एक माणूस आडवा होईल एवढी जागा होती, ती रामदासची झाली. पहिले आठ दिवस अंबाबाईनं त्याच्यासाठी बटाटे आणले, गोधडी झटकून अंथरली, "भाऊ, अजून घे" म्हणून आग्रह केला. मग ते सगळं थांबलं. नाचणीची भाकरी आणि काय असेल ते कालवण पुढ्यात यायचं. कधी नुसताच ठेचा. सकाळी गुळाचा कोरा चहा, कान तुटलेल्या कपात. उशीर झाला तर ती म्हणायची, "लाकडं फोडल्याबिगर चहा न्हाई. बसलायस कशाला बाजीरावासारखा?" मुलं त्याच्या मांडीवर झोपून जायची आणि पाय बधिर झाला तरी तो हलायचा नाही.

स्वतःच्या घरी रामदास थोरला मुलगा होता. तिथं बापाचं औषध, पतसंस्थेचा हप्ता, विहिरीच्या मोटरचं बिल, भावकीचा बांध, सगळं त्याच्या तोंडाकडं बघत असायचं. वर घाटघरला त्याला कुणी काही विचारत नसे. अंधार पडायच्या आत जानकू त्याला नाणेघाटाच्या तोंडाशी घेऊन जायचा. दोघं कड्यावर बसून खाली कोकणात एकेक दिवा लागताना बघायचे.

"त्यो दिवा मुरबाडचा," जानकू सांगायचा.

"कशावरनं?"

"तू न्हाई म्हण, मंग दुसऱ्या गावचा."

अशी चार वर्षं गेली.

जीपच्या विम्याची मुदत ३० सप्टेंबर १९९६ ला संपत होती. पैसे तयार होते. दोन हजार दोनशे सत्तर रुपये वैजयंतीनं, म्हणजे रामदासच्या बायकोनं, डब्यात वेगळे काढून ठेवले होते. पण त्या वर्षी तीस तारीख पितरपाठात आली. रामदासचा बाप धर्माजी या बाबतीत कडक. घरात म्हाळ घालायचे दिवस. या पंधरवड्यात त्याच्या घरात नवं कापड, नवं भांडं येत नसे, नवा कागद होत नसे.

"तीन आठवड्यांनी दसरा हाय," धर्माजी म्हणाला. "गाडीला झेंडूची माळ घालू, नारळ फोडू आन त्याच दिशी पावती फाडू. पितरांच्या दिसांत सही केलेला कागद लाभत न्हाई."

"आबा, कागद नवा न्हाई, जुनाच पुढं चालवायचा हाय."

"मंग जुना हाय तर घाई कशाची?"

विमा एजंट जुन्नरला भेटला तेव्हा तो म्हणाला, "रामदासराव, तारखेला पंधरवडा कळत नाही." रामदास हसला. दरवर्षी तो दसऱ्याच्या आसपासच गाडीची कागदपत्रं करायचा. एखाद-दुसरा आठवडा इकडं-तिकडं झाला तर कोण विचारतंय?

६ ऑक्टोबर १९९६, रविवार. जुन्नरचा बाजार. संध्याकाळी साडेचारला नऊ माणसांच्या जीपमध्ये पंधरा बसली होती. जानकू सगळ्यांच्या आधी येऊन पुढं, रामदासच्या शेजारी बसला होता; मांडीवर मिठाची पिशवी आणि पोरीसाठी घेतलेली पाटी. गाडी सुटता सुटता आणखी दोन बाया आल्या, एकीच्या कडेवर लेकरू. ओळखीच्या नव्हत्या. जागा नव्हती. रामदासनं जानकूच्या गुडघ्यावर थाप मारली.

"जानकू, ऊठ रं. मागं पायरीवर उभा ऱ्हा. तू काय पावणा हाईस?"

"घ्या!" जानकू सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला. "घरची गाडी, आन मालकाला लटकायची पाळी!" आतली माणसं हसली. गेणभाऊ मधल्या सीटवर होता, तोही हसला. जानकूनं मीठ आणि पाटी रामदासच्या पायाशी ठेवली आणि मागं जाऊन उभा राहिला.

चावंड सोडल्यावर परतीच्या पावसाची एक सर आली. पुढच्या वळणावर समोरून बैलगाडी आली म्हणून रामदासनं जीप कडेला घेतली. तिथली कड पावसानं आतून पोखरली होती, वरून दिसत नव्हतं. मागचं चाक खचलं, जीप हळूच, अगदी दमानं आडवी झाली. आतल्यांना खरचटलं, एकीचा हात मोडला. मागं उभा असलेला जानकू खाली आला आणि जीप त्याच्यावर.

पुढचं सांगण्यात अर्थ नाही. तालुक्याला नेईपर्यंत तो नव्हता.

फौजदारी खटल्यात रामदासला दंड झाला, लायसन वर्षभर अडकलं. जीप भंगाराच्या भावात गेली, पतसंस्थेचं कर्ज फिटण्यापुरतं तिचं मोल आलं. विम्यासाठी डब्यात ठेवलेले दोन हजार दोनशे सत्तर रुपये वकिलाची पहिली फी म्हणून गेले. धर्माजी त्यानंतर पाच वर्षं जगला. दर वर्षी म्हाळ घालत राहिला, पण मुलासमोर त्या विषयावर त्यानं पुन्हा तोंड उघडलं नाही.

१९९७ च्या फेब्रुवारीत अंबाबाईचा अर्ज दाखल झाला. विमा नाही म्हटल्यावर सगळी भरपाई गाडीमालकाच्या अंगावर. वकिलांनी रामदासला समोर बसवून समजावलं. "तो मागे लटकला होता. का लटकला? स्वतःहून. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी लटकला. एवढंच सांगायचं. त्याची पण चूक धरली की रक्कम उतरते."

"पर मीच त्याला..."

"तुमचं घर जाणार आहे, रामदास. मेलेल्या माणसाला काही फरक पडत नाही."

साक्षीच्या दिवशी रामदासनं ते वाक्य म्हटलं. "मी त्याला मागं उभं राहू नको म्हणालो होतो." म्हणताना तो समोरच्या पंख्याकडे बघत होता. अंबाबाई हॉलमध्ये होती. त्याच्या आधी गेणभाऊची साक्ष झाली होती. "ह्यानंच उठवला, माझ्या म्होरं," असं त्यानं साफ सांगितलं होतं. पण गाडीत किती माणसं, किती वाजले, तुम्ही कुठल्या बाजूला बसला होता, असं विचारून विचारून वकिलांनी त्याला गोंधळवलं. गेणभाऊला आकडे नीट सांगता आले नाहीत. निकालपत्रात लिहून आलं की या साक्षीदाराच्या सांगण्यात विसंगती आहे.

जानकूच्या भरपाईतला पाचवा हिस्सा असा कापला गेला.

निकालानंतर काही महिन्यांतच वसुलीचा दाखला कलेक्टर कचेरीतून तहसिलात आणि तिथून तलाठ्याकडे आला. जमिनीवर जप्तीची नोटीस लागायच्या आत रामदासनं विहिरीखालची एक एकर एक लाख चाळीस हजारांना विकली आणि सगळी रक्कम भरली. त्यात आधी व्याज वळतं झालं. मुद्दल निम्म्याहून जास्त राहिलीच. लायसन परत मिळाल्यावर तो एका व्यापाऱ्याच्या टेंपोवर पगारी ड्रायव्हर झाला, ओतूरचा कांदा आणि नारायणगावचा टोमॅटो वाशीला पोचवायचा. वैजयंती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाऊ लागली. मुलगी प्राची दहावीनंतर पुढं शिकायची होती, ती एक वर्ष घरी बसली. महिन्याला दोन हजार न चुकता पुण्याला जायचे. त्या काळात या घरात सणाला पुरणपोळी व्हायची, पण कपडे व्हायचे नाहीत.

हे सगळं रामदासनं सोसलं, माणूस सोसतोच. त्याला न सोसणारी गोष्ट दुसरीच होती. साडेचार वाजले की त्याचा जीव लागायचा नाही. सुटीच्या दिवशी घरी असला तर तो अंगणात येरझाऱ्या घालायचा, पायात चप्पल चढवायचा, पुन्हा काढायचा. पाऊस सरून हवा स्वच्छ झाली की पश्चिमेला डोंगरांची निळी रेघ उमटायची. तो तिकडं तोंड करून उभा राहायचा. वैजयंती आतून म्हणायची, "भरली का तुमची गाडी? भरली आसंल तर दळण घेऊन या."

डोंगरातली माणसं कांदा काढायला खाली यायची. बाजारात कुणी भेटलं की रामदास त्यांना चहा पाजायचा आणि विचारायचा. चावंडच्या पुढचा रस्ता केला का? औंदा भात कसं हाय? शाळेला मास्तर आला का? सगळं विचारायचा, एक घर सोडून. समोरच्यालाही ते कळायचं. एकदा एक म्हातारा चहाचा कप ठेवून आपणहून म्हणाला, "बरी हाय ती. पोरगी आश्रमशाळेत हाय." रामदासनं त्याला आणखी एक भजीची प्लेट घेऊन दिली.

त्याला कोरा चहा घरीही करता आला असता. केलाही एकदा, गूळ घालून. तो नुसताच गोड झाला.

शेवटचा हप्ता ३१ मार्च २००५ ला भरला. एकूण दोन लाख एकोणसाठ हजार नऊशे चाळीस रुपये. पावती वैजयंतीनं देवापुढं ठेवली. "सुटलो बाई," ती म्हणाली. रामदास म्हणाला, "अजून बेचाळीस हजार सातशे हायेत."

वैजयंतीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला ती साक्ष ठाऊक होती. या घरात ती एकदाच बोलली गेली होती. "ते कोर्टानं माफ केल्यात," ती म्हणाली.

"कोर्टानं केल्यात."

तिनं पदराची गाठ सोडली आणि दूध घातलेल्याचे पाचशे रुपये त्याच्या हातावर ठेवले. "मोकळ्या हातानं जाऊ नका," एवढंच म्हणाली. व्यापाऱ्याकडून उचल घेऊन रामदासनं पाच हजार पुरे केले.

१० एप्रिलला तो एस.टी.नं घाटघरला गेला. नऊ वर्षांनी. चावंडच्या पुढच्या वळणावर त्यानं डोळे मिटून घेतले. कधी उघडायचे ते कळेना, तेव्हा शेजारच्यानं विचारलं, "गाडी लागती का, भाऊ?"

अंबाबाई दारात सूप घेऊन बसली होती. केस पांढरे झाले होते. तिनं त्याला ओळखलं, सूप बाजूला ठेवलं आणि उठली. "या," म्हणाली. आत जाऊन नवी गोधडी आणली, झटकून अंथरली. पाण्याचा तांब्या ठेवला. पोरीला शेजारी पाठवून दूध आणवलं आणि चहा केला. चहा आला तो बशीसकट, कपाला कान होता.

रामदास गोधडीच्या कडेवर बसला. त्यानं कपबशी तशीच खाली ठेवली.

"मला पावणा केलं, वहिनी."

"पावणं आत बसत्यात," अंबाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "घरचं मानूस मागं उभं ऱ्हातं. कायदा तुमीच केलाय ना, डायवर?"

खिशातून रुमालात बांधलेले पाच हजार काढून त्यानं जमिनीवर ठेवले.

"ह्ये कशाचं? कोर्टाचं समदं आलं. बँकेत हाय पोरांच्या नावावर."

मग रामदासनं सांगितलं. दोन लाख साडेतेरा हजार ठरले होते; तो खोटं बोलला म्हणून पाचवा हिस्सा कापला; तो पाचवा हिस्सा बेचाळीस हजार सातशे; त्यातले हे पाच. बाकीचे आणून देईन. अंबाबाई ऐकत होती. ही वजाबाकी तिला कुणी समजावून सांगितलीच नव्हती. तिला ते वाक्य तेवढं ठाऊक होतं, त्याची किंमत नव्हती.

"त्या एका बोलन्याचं बेचाळीस हजार?"

"आन सातशे."

तिच्या तोंडातून हसू फुटलं, आणि हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. "लई महाग बोललास रं," ती म्हणाली. "तुज्या सबंध जल्मात तू येवढं महाग काय बोलला नसशील."

थोड्या वेळानं तिनं पैसे उचलून पोरीच्या हातात दिले. "पोस्टात टाकायचं तुज्या नावावर." मग रामदासकडे वळली. "पैसं घेते मी. पैशानं काय घोडं मारलंय? पर बोललास ते कोर्टात, परक्या मानसांत. हितं कुनाला काय बोललास?"

"काय बोलू?"

"उद्या गेणभाऊच्या वावरात पडकई हाय. आमच्या घरनं जायला मानूस न्हाई. पोरगं आश्रमशाळेत हाय, आन माजी कंबर धरलीया. तू जा."

पडकई म्हणजे उन्हाळ्यात उतारावरची जमीन खोदून, वरची माती खाली ओढून, दगडांची ताल, म्हणजे बांध, घालून भाताचं खाचर करायचं काम. एकट्याच्यानं होत नाही. वरच्या गावांत घरटी एक माणूस येतो; आज याच्या वावरात, उद्या त्याच्या. मजुरी कुणी देत नाही, घेत नाही. दिवसाला दिवस. ज्याच्या वावरात काम त्यानं दुपारी जेवू घालायचं.

त्या रात्री अंबाबाई त्याला राहा म्हणाली नाही. तो शाळेच्या ओट्यावर झोपला.

सकाळी गेणभाऊच्या वावरात सतरा-अठरा माणसं जमली होती. रामदासला येताना बघून बोलणी थांबली. गेणभाऊ सत्तरीचा झाला होता. तो बांधावर बसून तंबाखू मळत होता. रामदास त्याच्यासमोर उभा राहिला. येताना त्यानं बरंच काही जुळवून आणलं होतं, त्यातलं काहीच जागेवर राहिलं नाही.

"अंबावहिनीनं धाडलंय," तो म्हणाला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं : "जानकूला मीच उठवला. म्होरं बसला व्हता, मी म्हनलो मागं ऱ्हा. त्यो आपनहून न्हाई गेला. गेणभाऊ कोर्टात खरं बोलला आन मी खोटं बोललो."

खालच्या बाजूला कुणाची तरी पहार दगडावर आपटली. गेणभाऊनं तंबाखू तोंडात टाकली.

"आमाला ठावं व्हतं," तो म्हणाला. "तू आज सांगतोयस." त्यानं रामदासच्या पायांकडे बघितलं. "मला त्या काळ्या कोटवाल्यानं इचारलं, गाडीत किती मानसं? आरं, मी काय तिकीट फाडत व्हतो? सतरा व्हती. मागनं आठवलं. तवर लिवून झालं व्हतं."

"सतराच व्हती."

"मंग!" गेणभाऊ जमलेल्यांकडे वळून म्हणाला, जणू एवढ्या वर्षांचा वाद त्या एका आकड्याचाच होता. मग त्यानं बाजूची, अंबाबाईच्या घरून आलेली पहार रामदासकडे लोटली. "ही घे. त्या वरच्या अंगाला धर."

दुपारपर्यंत रामदासच्या तळहातांना फोड आले. त्याच्या शेजारी खोदणारा बहिरू नावाचा तिशीतला गडी म्हणाला, "भाऊ, स्टेरिंग न्हाई ती, पहार हाय. फिरवू नका, हाना." चार माणसं हसली. जेवताना नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं कालवण आलं. त्याला कुणी वेगळं ताट केलं नाही आणि जास्त घे म्हणून आग्रहही केला नाही.

संध्याकाळी तो अंबाबाईच्या अंगणात पहार ठेवायला गेला. ती चुलीपुढं होती. "ठेव तिकडं," म्हणाली. त्यानं ठेवली आणि शेवटच्या एस.टी.नं खाली आला. जानकूशिवाय ते घर पहिल्यासारखं होणार नव्हतं, आणि हे रामदासला आत पाऊल टाकायच्या आधीपासून माहीत होतं. तरी गाडीत बसल्यावर त्याला वाटलं, आपण आता कुठून तरी निघालो आहोत. नऊ वर्षं आपण नुसते दूर होतो.

नंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात तो वर गेला, २००६ ला दोन दिवस, २००७ ला दोन दिवस. ते दिवस अंबाबाईच्या घरच्या नावावर दुसऱ्यांच्या वावरात गेले. बेचाळीस हजार सातशेपैकी शेवटचे बाराशे रुपये जानेवारी २००८ मध्ये पोस्टात पडले. त्या मधल्या काळात एकदा, पावसाळी दुपारी, अंबाबाईनं त्याला लाकडं फोडायला सांगितलं. लाकडं ओली होती आणि ती त्याला त्यावरून बोलली. घरी आल्यावर त्यानं हे वैजयंतीला दोनदा सांगितलं.

"लाकडं फोडली, त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "हितं पन हायेत की."

मार्च २००८ च्या शेवटच्या आठवड्यात पिंपरी पेंढारला आभाळ भरून आलं. सगळ्या शिवारात कांदा एकदमच काढणीला आलेला, आणि अवकाळीच्या भीतीनं जो तो मजूर शोधत होता. शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी घेऊन केलेला रामदासचा वीस गुंठे कांदा जमिनीत होता. दोन दिवस तो आणि वैजयंती दोघंच उपटत होते. गावातल्या बाया दुप्पट मजुरी मागत होत्या आणि तरी मिळत नव्हत्या. त्यानं चार ठिकाणी हात जोडले, वर मात्र निरोप धाडला नव्हता. तेवढा हक्क आपला आहे असं त्याला वाटलं नव्हतं.

२७ मार्चला सकाळी आठ वाजता जुन्नरकडून एक काळी-पिवळी येऊन बांधाला थांबली. त्यातून अंबाबाई उतरली. मागून तिची पोरगी, बहिरू, त्याची बायको, आणखी तिघं. सातजण, प्रत्येकाच्या हातात विळा. सगळ्यांत शेवटी गेणभाऊ, काठी टेकत. तो कामाचा नव्हता. तो बघायला आला होता. बाजारातून कुणीतरी बातमी वर नेली होती.

वैजयंती आणि अंबाबाई एकमेकींना पहिल्यांदाच बघत होत्या. वैजयंती हातातला कांदा टाकून पुढं झाली, आणि मग काय करावं ते न सुचून तिनं वाकून अंबाबाईच्या पायांना हात लावला.

"आगं उठ," अंबाबाई म्हणाली. "आभाळ बघ. पाया पडायचं घरी."

दिवस कलायच्या आत वीस गुंठे उरकले. पात कापून कांद्याचे ढीग झाले, त्यावर ताडपत्र्या पडल्या. पाऊस आला तो दुसऱ्या दिवशी. वैजयंतीनं आतून पैसे आणले आणि विचारलं, "अंबाताई, मजुरी काय धरायची?"

"मजुरी घेतली की फिटलं," अंबाबाई हात धूत म्हणाली. "मंग ह्यो वर कशाला येतोय? दिसाला दीस. गेणभाऊ, किती झालं?"

गेणभाऊ बांधावर बसून बोटं मोजत होता. "ह्याचं पाच, एक आन दोन आन दोन. आपलं आजचं सात." त्यानं रामदासकडे बघून काठी आपटली. "लिवून ठिव. मागनं म्हनशील, गेणभाऊला मोजता येत न्हाई."

रामदासनं खिशातली डायरी काढून लिहून ठेवलं. २७ मार्च २००८ अखेर त्याच्याकडे अंबाबाईच्या घरचे दोन दिवस बाकी आहेत.